नशा फक्त दारूचीच नसते

मोडनिंबवरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. रात्रीचा प्रवास आपल्याला नवा नाही. "आपण पीत नाही, मग धोका कसला?" असं आपण म्हणतो. पण सहेरीसाठी मोडलेली झोप किंवा गुंगी आणणारं खोकल्याचं औषधही स्टिअरिंगवर डोळा लावतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अमली पदार्थांनाही हेच कलम.

दारू यंत्रात सापडते, झोप सापडत नाही. जांभया येऊ लागल्या की पंपावर किंवा ढाब्यावर गाडी लावून वीस मिनिटं झोपा. औषध घेताना "गाडी चालवू का?" हे डॉक्टरांना विचारा. घरच्यांनीही फोनवर "लवकर या" नको, "निवांत या" म्हणावं. अपघात दिसला तर १०८ लावा.