माध्यमिक शाळेतील चित्रकला आणि संगीत : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकात चित्रकला आणि संगीत हे विषय बहुधा एकाच चौकटीत लिहिले जातात. 'कला' या एका शब्दाखाली त्यांची गणना होते आणि परीक्षेचे दिवस जवळ आले की दोघांच्याही तासिका गणित-इंग्रजीकडे वळविल्या जातात. या समान नशिबामुळे त्यांचा इतिहासही समान असावा असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. चित्रकला शाळेत आली ती सरकारी परीक्षेच्या मार्गाने, तर संगीत आले ते एका गायकाने उभारलेल्या बिनसरकारी संस्थेच्या मार्गाने. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या बीड जिल्ह्याच्या दृष्टीने हे दोन्ही मार्ग बाहेरचे होत. येथे त्यांच्या कितीतरी आधीपासून कलाशिक्षणाची एक तिसरी, गावोगावची व्यवस्था नांदत होती. या तीन प्रवाहांची गाठ माध्यमिक शाळेत का पडली नाही, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रेखाकलेचा शालेय प्रवेश

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेले सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट हे पश्चिम भारतातील आधुनिक कलाशिक्षणाचे उगमस्थान मानले जाते. या शाळेची प्रारंभीची दृष्टी शुद्ध कलेपेक्षा कारागिरीकडे अधिक झुकलेली होती. डोळा अचूक व्हावा, हात स्थिर व्हावा आणि त्यातून कुशल कारागीर, आरेखक व नक्षीकार तयार व्हावेत, हे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशिक्षणाचे ध्येय मुंबईतही स्वीकारले गेले. शाळांतील मुलांसाठी पुढे रूढ झालेल्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षांवर त्या ध्येयाची छाप स्पष्ट आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन ही विषयांची मांडणीच सांगते की येथे कल्पनेच्या आधी शिस्त अपेक्षित होती. अर्थात या शिस्तीला कमी लेखण्याचे कारण नाही. खेड्यातील ज्या मुलाने कधी चित्रसंग्रहालय पाहिले नाही, त्याला तांब्या आणि कांदा यांच्या छायाप्रकाशाकडे तासभर एकाग्रतेने पाहावयास लावणारी दुसरी कोणतीही परीक्षा महाराष्ट्रात नव्हती, आजही नाही.

येथे एका विसंगतीची नोंद घ्यावी लागते. जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. लंडनला पाठविलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. अजिंठा मुंबई इलाख्यात नव्हते, ते निजामाच्या राज्यात, मराठवाड्यातच होते. म्हणजे मुंबईच्या चित्रकला विद्यार्थ्यांची एक मोठी कार्यशाळा मराठवाड्याच्या भूमीवर भरत होती. त्याच भूमीतील शाळकरी मुलांपर्यंत मात्र तिचा लाभ पोहोचण्याची काही व्यवस्था नव्हती. हैदराबाद संस्थानाने पुढे पुरातत्त्व खाते काढले, गुलाम याझदानी यांच्या कारकिर्दीत इटालियन तज्ज्ञांकरवी चित्रांचे जतन करविले. तथापि ते कार्य संशोधन व संवर्धन यांपुरते मर्यादित राहिले.

संगीताचा मार्ग

पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. संगीताला घराण्याच्या उंबरठ्याबाहेर आणून सामान्य कुटुंबातील मुलामुलींसाठी ठरावीक वेळ, वर्ग, पाठ्यपुस्तक व परीक्षा अशी शालेय चौकट देणे, हे त्यांचे खरे कार्य होय. 'संगीत बालप्रकाश' सारखी स्वरलिपीबद्ध पुस्तके त्यांनी बालविद्यार्थ्यांसाठीच रचली. १९०८ मध्ये महाविद्यालय मुंबईत आले. पलुस्करांच्या १९३१ मधील निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी त्याच वर्षी स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाने प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी परीक्षांची शिडी देशभर पसरविली.

या शिडीचे स्वरूप रेखाकला परीक्षेहून मूलतः वेगळे आहे. रेखाकला परीक्षा शाळेच्या छत्राखाली होते. शाळाच नावे नोंदविते, शाळेचा कलाशिक्षक तयारी करून घेतो. संगीताची परीक्षा मात्र खासगी वर्गाच्या आधाराने उभी आहे. पेटीचा किंवा तबल्याचा वर्ग शहरात असतो, त्याची फी असते, आणि शाळेत संगीतशिक्षकाचे पद असेलच असे नाही. परिणामी ग्रामीण माध्यमिक शाळेत चित्रकला कशीबशी टिकून राहिली, संगीत मात्र परिपाठातील प्रार्थना, स्वागतगीत आणि स्नेहसंमेलन यांपुरते उरले.

संस्थानी काळातील बीड

निजामी राजवटीत सरकारी माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी मुलांसाठी लोकांनी उभ्या केलेल्या खासगी शाळांना परवानगीपासून पुस्तकांपर्यंत अनेक निर्बंधांना तोंड द्यावे लागे. मोमिनाबाद या नावाने त्या काळी ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा अशाच प्रयत्नांतून वाढली. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले, हे सर्वश्रुत आहे. अशा शाळांपुढील पहिला प्रश्न अस्तित्वाचा होता. कलाशिक्षणाची स्वतंत्र योजना करण्याइतकी उसंत त्यांना मिळणे कठीणच होते.

तरीही गाण्याला त्या काळात वेगळे मोल आले होते. १९३८ मध्ये औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) व हैदराबाद येथील वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' गाण्याचा आग्रह धरला. त्याबद्दल त्यांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांनी नागपूर विद्यापीठात जाऊन शिक्षण पूर्ण केले. विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन एक गीत गाणे हीच जेथे राजकीय कृती ठरत होती, तेथे समूहगान हा वेळापत्रकातील निरुपद्रवी विषय राहू शकत नव्हता. मराठवाड्यातील गणेशोत्सवाच्या मेळ्यांनीही हेच कार्य वेगळ्या रीतीने केले. या भागातील एका पिढीचे समूहगायनाचे शिक्षण शाळेच्या तासिकेत कमी आणि मेळ्यांच्या तालमीत अधिक झाले, असे म्हणावयास जागा आहे.

शाळेबाहेरची शाळा

बीड जिल्ह्याच्या कलाशिक्षणाचा विचार शाळेच्या दाखल्यांवरून केला तर चित्र फार फिके दिसते. परंतु या जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रिका हातात घ्यावी. तीत कीर्तनकारांच्या नावांखाली 'गायनाचार्य' आणि 'मृदंगाचार्य' अशा पदव्यांनिशी नावे छापलेली असतात. या पदव्या कोणत्याही विद्यापीठाच्या नव्हेत, तरी त्या सहज मिळत नाहीत. पहाटेचा काकडा, सायंकाळचा हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन असा सात दिवसांचा क्रम सांभाळताना चालींचा साठा, स्वराची टिकाऊ शक्ती व लयीची पक्की समज यांची रोज कसोटी लागते. दहा-बारा वर्षांचा मुलगा प्रथम टाळ धरतो, मग मागच्या ओळीत चाल उचलतो, आणि हात तयार झाला की एके दिवशी मृदंगापाशी बसविला जातो. वर्गनिहाय अभ्यासक्रम नसला तरी येथे क्रम निश्चित आहे. नारायणगड, गहिनीनाथगड यांसारख्या स्थानांनी या परंपरेला आधार दिला. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीस स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेने तिला चार वर्षांच्या शिक्षणक्रमाची चौकट दिली.

या परंपरेतून मैफलीच्या व्यासपीठापर्यंत पोहोचलेले ठळक नाव म्हणजे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर. त्यांचे आपेगाव अंबाजोगाई तालुक्यातील. ज्ञानेश्वरांशी संबंधित पैठण तालुक्यातील आपेगावाशी त्याची गल्लत होऊ नये. भजन-कीर्तनातील पखवाजाला त्यांनी देशभरच्या श्रोत्यांसमोर प्रतिष्ठा मिळवून दिली आणि पुढे उद्धवबापू आपेगावकर यांनी ती वादनपरंपरा चालविली.

दृश्यकलेच्या बाबतीतही जिल्हा रिता नाही. दासोपंतांची (१५५१-१६१५) पासोडी अंबाजोगाईत जतन केलेली आहे. पंचीकरणाचा गहन विषय एका लांबच लांब कापडावर आकृत्यांच्या साहाय्याने मांडणारी ही कृती म्हणजे अक्षर, रेषा व अवकाश यांच्या नियोजनाचा विलक्षण नमुना होय. आजच्या परिभाषेत तिला संकल्पचित्र आणि अक्षरलेखन या दोन्ही प्रश्नपत्रिकांचे एकत्र उत्तर म्हणता येईल. याच दासोपंतांनी विपुल पदरचना केली. धर्मापुरीच्या केदारेश्वर मंदिरावरील शिल्पे, बीडचे कंकालेश्वर मंदिर आणि अंबाजोगाईच्या लेण्यांतील हत्ती हे सर्व शाळेच्या सहलीच्या अंतरावर आहे. असे असूनही जिल्ह्यातील विद्यार्थी ग्रेड परीक्षेच्या संकल्पचित्रासाठी बाजारातील मार्गदर्शिकेतली फुले गिरवितो. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

मात्र या परंपरेचा गौरव करताना तिची एक मर्यादा झाकणे योग्य ठरणार नाही. मृदंग आणि टाळ यांची ही गावशाळा प्रायः मुलांची राहिली. मुलींच्या वाट्याला ओव्या, भुलईची गाणी, रांगोळी आणि भिंतीवरील चित्रण आले, आणि त्याला कोणी शिक्षण म्हटले नाही. म्हणून माध्यमिक शाळेतील संगीताची तासिका बंद पडते तेव्हा मुलांपेक्षा मुलींचे नुकसान अधिक होते, कारण त्यांच्यासाठी दुसरे दार क्वचितच उघडे असते.

राज्यपुनर्रचनेनंतर

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. दरम्यान मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक स्तरावर सुचविलेल्या सात शाखांत ललित कलांची स्वतंत्र शाखा होती. तिचा प्रत्यक्ष विस्तार विज्ञान व वाणिज्य यांच्या तुलनेत नगण्य झाला. १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले व रेखाकला परीक्षांचे संचालन त्याच्याकडे आले. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. नव्या आकृतिबंधात कला सर्वांसाठी आली खरी, परंतु श्रेणीचा विषय म्हणून. आणि ज्या विषयाची गुणपत्रिकेत बेरीज होत नाही त्याची तासिका शाळेत फार काळ तग धरत नाही, हे प्रत्येक मुख्याध्यापक जाणतो.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य असावे असा आग्रह धरला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मात्र सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तेही शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळांत, कला-निदेशक अंशकालीन ठरविला. कागदोपत्री विषय बळकट होत असतानाच तो शिकविणारा मनुष्य दुबळा होत गेला.

याच पार्श्वभूमीवर २०१७ मध्ये राज्य शासनाने दहावीच्या विद्यार्थ्यांना कलानैपुण्यासाठी वाढीव गुण देण्यास प्रारंभ केला. त्या वर्षी राज्यात १९३ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले व या सवलतीवर टीका झाली. पुढे हे गुण कमी करून इंटरमीजिएट परीक्षेतील अ, ब व क श्रेणींसाठी अनुक्रमे ७, ५ व ३ असे ठरविण्यात आले. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांनाही सवलतीत स्थान मिळाले. या निर्णयाने चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत पुन्हा मान मिळवून दिला, हे मान्य करावे लागेल. परंतु गुण कलेला नव्हे, प्रमाणपत्राला मिळतात. सप्ताहात सात रात्री मृदंग वाजविणाऱ्या मुलाकडे प्रमाणपत्र नसते. ते मिळवावयाचे तर भजनी ठेक्यात मुरलेल्या त्याच्या हाताला चौताल आणि धमार अभ्यासक्रमाच्या क्रमाने बसवावे लागतात, आणि पुढच्या टप्प्यावर लेखी प्रश्नपत्रिका सोडवावी लागते. हे अशक्य नाही. त्याला फक्त गावाच्या मृदंगापासून परीक्षेच्या टेबलापर्यंत नेणारा शिक्षक लागतो. ती जागाच बहुतेक शाळांत नाही.

परीक्षेचे महिने आणि कोयता

बीड जिल्ह्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. येथून दरवर्षी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. थोरला मुलगा वा मुलगी बरोबर गेली तर धाकट्यांना सांभाळण्यास आणि वाढे बांधण्यास हात मिळतो. हे वय नेमके आठवी-नववीचे, म्हणजेच ग्रेड परीक्षांचे असते.

रेखाकला परीक्षा साधारणतः सप्टेंबरच्या उत्तरार्धात होते. कुटुंब गावी असतानाच ती पार पडत असल्याने ऊसतोड कामगाराचे मूल तिला बसू शकते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन वर्षांच्या दोन पायऱ्या तो किंवा ती सलग चढू शकते, जरी मधले सहा महिने कागदाला रंग लागला नाही तरी. गांधर्व मंडळाच्या परीक्षांची सत्रे मात्र नोव्हेंबर-डिसेंबर आणि एप्रिल-मे अशी असतात. पहिल्या सत्रात मूल फडावर असते. दुसऱ्यात ते नुकतेच परतलेले असते, आणि सहा महिन्यांचा रियाज मागे सुटलेला असतो. मुळात रेषेची स्मृती हातात काही काळ टिकते. गळा व बोटे यांना रोजचा सराव लागतो. वेळापत्रक कोणी द्वेषाने आखलेले नाही, तरी त्याने एका वर्गाला संगीताच्या शिडीवरून नकळत उतरविले आहे.

हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावातच राहू लागली, आणि २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना मंजूर केली. या व्यवस्थेचा विचार निवास, भोजन आणि हजेरी यांभोवती झाला, व ते स्वाभाविकही होते. पण वसतिगृहातील संध्याकाळ लांब असते. आईबाप दूर असलेल्या मुलांच्या त्या संध्याकाळी, गावच्या मंदिरात हरिपाठ चालू असतो आणि मृदंगाचा आवाज वसतिगृहापर्यंत ऐकू येतो. तेथील मृदंगाचार्याला आठवड्यातून तीन संध्याकाळ मानधनावर बोलाविण्यास, आणि तेथे मुलींनाही मृदंगाशी बसविण्यास, नवा आयोग नेमावा लागत नाही. ज्या शाळेत चित्रकलेचा एकुलता एक शिक्षक निवृत्त झाल्यावर पद रिकामे राहिले, तेथेही सप्टेंबरपूर्वीचे तीन महिने तालुक्यातील दुसऱ्या शाळेचा कलाशिक्षक शनिवारी येऊ शकतो. शाळा जूनमध्ये उघडते. दसऱ्याला ट्रक गावात लागेपर्यंत हातात उरतात ते जेमतेम चार महिने.