कॅमेऱ्यापुढचं दुसरं भिंग

आजचा विषय दिसायला लहान आहे. ज्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स काढता येत नाही, त्याच्यापुढे लावायचं वाइड अँगल कन्व्हर्टर लोकांनी कसं निवडलं, एवढंच बघायचंय.

आधी एक उलटी गोष्ट लक्षात घ्या. रिकोहच्या जीआर१ या १९९६ सालच्या खिशातल्या फिल्म कॅमेऱ्यात २८ मिलिमीटरची लेन्स होती. नंतर डिजिटल आलं, आणि कोन अरुंद झाला! निकॉनचा २००० सालचा कूलपिक्स ९९० सुरू व्हायचा तोच मुळी ३८ पासून. कारण काय? सेन्सर जेमतेम ७ मिलिमीटर रुंद. ३८ म्हणतो तेव्हा खरी फोकल लेंथ असते ८ मिलिमीटर. २४चा कोन हवा, तर ती ५ वर आणायची, तीही छोट्याशा झूम लेन्समध्ये. हे अवघड होतं आणि महागही.

याचा अर्थ खोलीत उभं राहिल्यावर कळतो. तीन मीटरवरून ३८ला भिंतीचा पावणेतीन मीटरच भाग मावतो. २४ला जवळपास सव्वाचार मीटर. मागे सरकायला जागाच नसेल, तर हा फरक कशानेही भरून निघत नाही.

मग कंपन्यांनी जुनी युक्ती काढली. गॅलिलिओने १६०९ मध्ये वापरली ती दुर्बीण आठवा: पुढे बहिर्गोल भिंग, डोळ्यापाशी अंतर्गोल. ती उलटी धरली की सगळं लहान दिसतं, म्हणजेच जास्त मावतं. कन्व्हर्टर हेच करतं. समांतर किरण आत जातात, समांतरच बाहेर येतात. म्हणून फोकस बिघडत नाही आणि एफ-नंबरही बदलत नाही. गणितही सोपं. निकॉनचं डब्ल्यूसी-ई६३ म्हणजे ०.६३ पट: ३८ गुणिले ०.६३, झाले २४.

पण निवड आकड्यावर थांबत नव्हती. कूलपिक्सचं झूम आतल्या आतच हलायचं, त्यामुळे २८ मिलिमीटरच्या आट्यांवर कन्व्हर्टर थेट बसे. कॅननच्या जी५ची लेन्स पुढे सरकायची. तिथे आधी वेगळी नळी, मग त्यावर ०.७चं कन्व्हर्टर. जड काच बसली की फ्लॅशचा प्रकाश अडे, व्ह्यूफाइंडर झाकला जाई. कडेच्या सरळ रेषा बाहेर फुगत, कोपरे मऊ पडत आणि फांदी-आकाशाच्या सीमेवर रंगीत कडा उमटत.

त्या रंगीत कडा म्हणजे नुसता दिसण्याचा दोष आहे का? नाही. निकॉनचं एफसी-ई८ हे फिशआय कन्व्हर्टर १८३ अंश बघायचं. जंगल-संशोधकांनी ते कूलपिक्स ९५० वर चढवलं, कॅमेरा आभाळाकडे तोंड करून ठेवला, आणि फोटोतून जमिनीपर्यंत किती उजेड पोचतो ते मोजू लागले. २००१ साली फिल्मशी केलेली तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसलं की कडेला रंग फाकल्यामुळे पानं खाल्ली जातात आणि आकाश जास्त भरतं. आता बघा, काचेतला दोष जंगलाच्या मोजमापात शिरला! म्हणून नंतर भिंग आधी तपासायचं आणि मग मोजायचं, ही शिस्त आली.

पुढचा प्रवास भराभर झाला. २००५ मध्ये रिकोहच्या जीआर डिजिटलने २८ परत आणलं; जीडब्ल्यू-१ लावलं की २१. २००८ मध्ये पॅनासोनिक एलएक्स३ थेट २४ पासून सुरू झाला. २०१९ मध्ये आयफोन ११ मध्ये १३ आलं. कन्व्हर्टरची गरजच संपत गेली.

तरी जुना कॅमेरा घेऊन कोणी घराचं, देवळाचं दस्तऐवजीकरण करणार असेल, तर क्रम असा ठेवा. पहिल्यांदा आटे आणि नळी जुळतात का ते बघा. त्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेलं कन्व्हर्टर मिळालं, तर ते आधी घ्या. झूम सगळ्यात रुंद टोकाला ठेवून विटांच्या भिंतीचा एक फोटो काढा आणि कोपरे तपासा. पटीचा आकडा सगळ्यात शेवटी. कारण उद्या ती भिंत पाडली गेली, तर फोटो पुन्हा काढता येणार नाही; जे कोपऱ्यात पुसट झालं, ते कायमचंच पुसट राहील.