सहीमागचे हात

विसाव्या शतकाच्या मध्यातल्या स्वीडिश कलात्मक काचेचे संग्राहक भांडं हाती आलं की आधी बुडाशी कोरलेलं नाव पाहतात. पण या काचेचं सारं श्रेय एका नावाला देणं इतिहासाला धरून नाही. स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांताच्या जंगलांत सरपण मुबलक, म्हणून तिथे भट्ट्या पेटल्या. कोस्टा कारखाना १७४२चा, ओरेफोर्सचा १८९८चा. ओरेफोर्सने १९१६-१७मध्ये सिमोन गाटे आणि एडवर्ड हाल्ड यांना नेमलं, तेव्हा दोघेही चित्रकार होते. काच फुंकण्याची विद्या क्नुट बेर्गक्विस्टसारख्या उस्तादांकडे होती. या मेळातूनच ग्राल तंत्र घडलं. रंगीत थर चढवलेला काचेचा गोळा थंड करून त्यावर नक्षी कोरायची, तो पुन्हा तापवायचा, वर पारदर्शक काच चढवून फुंकायचा. हाल्डच्या प्रसिद्ध ग्राल फुलदाण्यांत मासे पाण्यात पोहतात असं वाटतं, ते या जाड पारदर्शक थरामुळे.

यावर कोणी म्हणेल, कल्पना तर चित्रकाराचीच. शिवाय नावाशिवाय अस्सल-नक्कल ओळखायची कशी? दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पण पुढच्या एरिएल तंत्रात नक्षीच्या खाचांत हवा कोंडली जाते, आणि तिचा अंतिम आकार कागदावर नव्हे, फुंकणीच्या टोकाशी ठरतो. नाव रचनाकार आणि काळ सांगतं. गुणवत्ता काच सांगते. ओरेफोर्सचा कारखाना २०१३मध्ये बंद झाला; तिथल्या उस्तादांची नावं आता सहज विस्मरणात जातील. म्हणून संग्राहकांनी नोंदवहीत रचनाकाराबरोबर, माहीत असेल तिथे, फुंकणाऱ्या उस्तादाचंही नाव लिहावं.