नऊ विजयांची शिक्षा : फ्रँक सोलिच आणि नेब्रास्काची स्मृती

१/ २९ नोव्हेंबर २००३, शनिवार. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील लिंकन शहर. आदल्याच दिवशी नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने कोलोरॅडोला त्यांच्याच मैदानावर ३१-२२ असे हरवले होते. हंगामाचा हिशेब होता ९ विजय आणि ३ पराभव. त्या संध्याकाळी क्रीडासंचालक स्टीव्ह पेडरसन यांनी प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना पदावरून दूर केले. जिंकून परतलेल्या प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी घरी पाठवण्याच्या या निर्णयाची सावली पुढची वीस वर्षे त्या राज्यावर राहिली.

२/ येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल : लांबट चेंडू, शिरस्त्राणे, प्रत्येकी ११ खेळाडू. विद्यापीठांचे संघ हे तिथे व्यावसायिक संघांच्या तोडीचे लोकप्रिय असतात. नेब्रास्कात तर अव्वल दर्जाचा एकही व्यावसायिक संघ नाही. २००० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या सुमारे १७ लाख होती. मका, गुरे आणि मैलोन् मैल सपाट माळ. अशा राज्याला उर्वरित देश ओळखतो तो शनिवारच्या सामन्यामुळे. सामन्याच्या दिवशी लिंकनचे मेमोरियल स्टेडियम हे राज्यातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. संघाचे नावही मातीतले : ‘कॉर्नहस्कर्स’, मक्याची कणसे सोलणारे.

३/ हे वैभव अनादि नव्हते. १९५७ ते १९६१ या पाच हंगामांत संघाने १५ सामने जिंकले आणि ३४ गमावले. १९६२ मध्ये वायोमिंगहून बॉब डेव्हनी आले आणि पहिल्याच वर्षी ९ विजय मिळाले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला मिसूरीविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. तेव्हापासून घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. ही साखळी आजही तुटलेली नाही. पुढे जे घडले ते पाहता हा आकडा विजयांच्या आकड्यांपेक्षा अधिक थक्क करणारा आहे.

४/ डेव्हनींच्या सुरुवातीच्या संघात क्लीव्हलंडहून आलेला एक ठेंगणा, किरकोळ अंगकाठीचा मुलगा होता. फुलबॅक म्हणजे धडका मारत वाट काढणारा गडी. त्या जागेसाठी तो अगदीच लहान दिसे. १९६५ मध्ये एअर फोर्स अकादमीविरुद्ध त्याने एकाच सामन्यात चेंडू घेऊन २०४ यार्ड धाव घेतली आणि विद्यापीठाचा विक्रम केला. त्या हंगामात तो सहकर्णधारही होता. हाच फ्रँक सोलिच.

५/ पुढे तो लिंकनमध्येच राहिला. साउथईस्ट हायस्कूलचा प्रशिक्षक म्हणून १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने राज्य अजिंक्यपद मिळवले. १९७९ मध्ये तो विद्यापीठाच्या प्रशिक्षकवर्गात दाखल झाला. सोलिच बाहेरून मागवलेला माणूस नव्हता. खेळाडू, शाळामास्तर, साहाय्यक अशा एकेका पायरीने तो त्या घरात वाढला होता.

६/ त्या घराचे कर्ते होते टॉम ऑस्बोर्न. डेव्हनींनी १९७० आणि १९७१ ची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून, १९७२ च्या हंगामानंतर गादी त्यांच्याकडे सोपवली. ऑस्बोर्न २५ वर्षे राहिले. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. आणि एकाही हंगामात ९ पेक्षा कमी विजय नाहीत.

७/ तरीही त्यांना अजिंक्यपदासाठी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली, हे विसरले जाते. जानेवारी १९८४ मधील ऑरेंज बोल सामन्यात मायामीविरुद्ध शेवटच्या क्षणी एका गुणाची साधी किक मारून बरोबरी साधता आली असती, आणि राष्ट्रीय अजिंक्यपद बहुधा पदरात पडले असते. ऑस्बोर्न यांनी विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला, तो फसला, आणि सामना ३०-३१ असा गेला. त्या पराभवाबद्दल नेब्रास्काने त्यांचा आदरच केला. अशी सबुरी नंतर कोणाच्याच वाट्याला आली नाही.

८/ मग आली १९९४ ते १९९७ ही चार वर्षे : ४९ विजय, २ पराभव, तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे (त्यातील १९९७ चे मिशिगनसोबत विभागून). १९९५ च्या संघाने अंतिम सामन्यात फ्लोरिडाचा ६२-२४ असा धुव्वा उडवला. त्या संघाचे नाव आजही सर्वकालीन श्रेष्ठ संघांच्या चर्चेत अग्रभागी असते. याच शिखरावरून ऑस्बोर्न निवृत्त झाले आणि त्यांनी वारस म्हणून सोलिच यांना पुढे केले. शिखरावर मिळालेला वारसा हा मोठा अवघड दागिना असतो. तो अंगावर कसाही घातला तरी पूर्वीच्याला अधिक शोभत होता असेच लोक म्हणतात.

९/ सोलिच यांचे सहा हंगाम : १९९८ मध्ये ९-४, १९९९ मध्ये १२-१ आणि परिषदेचे अजिंक्यपद, २००० मध्ये १०-२, २००१ मध्ये ११-२. त्या २००१ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक एरिक क्राउच याला सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला आणि संघ थेट राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात पोहोचला. पण तेथवर जाण्याची वाट विचित्र होती. आधीच्या सामन्यात कोलोरॅडोने ६२-३६ असे लोळवले होते, आणि अंतिम सामन्यात मायामीने ३७-१४ असे. पुढच्या वर्षी ७ विजय, ७ पराभव. सलग ४० विजयी हंगामांची आणि किमान ९ विजयांच्या सलग ३३ हंगामांची मालिका एकाच वर्षी खंडित झाली.

१०/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबायला हवे. चाहत्यांच्या आठवणीत ऱ्हासाची तारीख २९ नोव्हेंबर २००३ अशी कोरलेली आहे. भेगा मात्र त्यापूर्वीच पडल्या होत्या, आणि त्यांतील बऱ्याच लिंकनच्या बाहेरून आलेल्या होत्या.

पहिली गोष्ट शिष्यवृत्त्यांची. राष्ट्रीय संघटनेने एका संघाला देता येणाऱ्या शिष्यवृत्त्यांवर १९७३ मध्ये १०५ ची मर्यादा घातली, १९७८ मध्ये ती ९५ वर आणली आणि १९९४ मध्ये ८५ वर. मोठ्या संघांनी भरमसाट गुणी खेळाडू आपल्याकडे दाबून ठेवण्याचे दिवस संपले. नेब्रास्काने यावर आपला तोडगा काढला होता : ‘वॉक-ऑन’ म्हणजे शिष्यवृत्तीविना, स्वखर्चाने संघात येणारी शेतकऱ्यांची, खेड्यापाड्यांतली मुले. पण सर्वच विद्यापीठे व्यायामशाळा, आहार, शक्तिवर्धन यांवर नेब्रास्कासारखा खर्च करू लागल्यावर त्या तोडग्याची धार बोथट होणारच होती.

दुसरी गोष्ट परिषदेची. १९९६ मध्ये टेक्सासची चार विद्यापीठे येऊन मिळाली आणि ‘बिग ट्वेल्व्ह’ परिषद उभी राहिली. शैक्षणिक पात्रता अंशतः पूर्ण केलेल्या खेळाडूंना घेण्यावर नव्या परिषदेने बंधने घातली. नेब्रास्काचा त्याला विरोध होता, तो चालला नाही. आणि ओक्लाहोमाशी दरवर्षी होणारी लढत, जिच्यावर दोन पिढ्या पोसल्या होत्या, ती विभागरचनेत दर चार वर्षांतून दोनदाच उरली.

तिसरी गोष्ट दूरचित्रवाणीची. पूर्वी मोजक्याच संघांचे सामने देशभर दिसत. आता सर्वांचेच दिसू लागले. उन्हात वाढलेल्या फ्लोरिडाच्या किंवा टेक्सासच्या मुलाने हिवाळ्यात गोठणाऱ्या माळावर यावे, यासाठी ‘तिथे तू सगळ्यांना दिसशील’ हे आमिष पूर्वी पुरेसे होते.

११/ २००२ च्या हंगामानंतर सोलिच यांनी काही केले नाही, असे नाही. त्यांनी साहाय्यक बदलले, डावपेच स्वतः पुकारणे सोडले, बचावासाठी बो पेलिनी नावाच्या तरुण प्रशिक्षकाला आणले. (बदलल्या गेलेल्यांपैकी एक क्रेग बोल. त्यांनी पुढे नॉर्थ डकोटा स्टेटला आपल्या श्रेणीत २०११ ते २०१३ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली.) संघ सावरला, पण तीन पराभव जिव्हारी लागणारे होते : मिसूरीकडून २४-४१, टेक्सासकडून ७-३१ आणि घरच्या मैदानावर कॅन्सस स्टेटकडून ९-३८.

१२/ पेडरसन हेही परके नव्हते. नेब्रास्कातच जन्मलेले, त्याच विद्यापीठात शिकलेले, एके काळी ऑस्बोर्न यांच्या हाताखाली काम केलेले. कार्यक्रम सामान्यतेकडे घसरू देणार नाही, परिषद ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या हवाली करणार नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. तेव्हा त्यांच्या बाजूने बोलणारे चाहतेही पुष्कळ होते, हे नोंदवणे आवश्यक आहे. आज मागे वळून ‘आम्हाला तेव्हाच कळले होते’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढली आहे. स्मृतीचे ते नेहमीचेच काम.

१३/ पेलिनींनी हंगामी सूत्रे घेऊन मिशिगन स्टेटला अलामो बोलमध्ये १७-३ असे हरवले. प्रेक्षकांनी त्यांच्या नावाचा घोष केला. पेडरसन यांनी मात्र महिन्याहून अधिक काळ शोध घेऊन ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचे माजी प्रशिक्षक बिल कॅलहन यांना आणले. नेब्रास्काची ओळख असलेली ‘ऑप्शन’ पद्धत, जिच्यात क्वार्टरबॅक धावता धावता चेंडू ठेवायचा की सोडायचा हे ठरवतो, ती मोडीत निघाली आणि फेकीवर आधारलेला व्यावसायिक खेळ आला. खेळाडू मात्र जुन्याच साच्यात घडलेले.

२००४ चा निकाल ५-६. १९६१ नंतरचा पहिला पराभूत हंगाम, आणि हंगामोत्तर बोल सामन्यांची सलग ३५ वर्षांची परंपरा संपली. टेक्सास टेकने ७०-१० असे हरवले. २००७ मध्ये कॅन्ससने ७६ गुण केले. नेब्रास्काविरुद्ध इतके गुण कोणीच केले नव्हते. त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा स्टेटने घरच्या मैदानावर ४५-१४ असा पराभव केल्यावर पेडरसन यांची गच्छंती झाली होती, आणि मधल्या काळात अमेरिकी काँग्रेसमध्ये जाऊन आलेले ऑस्बोर्न क्रीडासंचालक म्हणून परतले होते.

१४/ पुढची यादी भराभर वाचावी. पेलिनी (२००८-१४) : दरवर्षी किमान ९ विजय, आणि शेवटी, योगायोग असा की ९-३ वरच हकालपट्टी. २०११ मध्ये ‘बिग टेन’ परिषदेत स्थलांतर. टेक्सासमधून खेळाडू आणण्याचे धागे आणखी सैल. माइक रायली : १९-१९. स्कॉट फ्रॉस्ट, १९९७ च्या अजिंक्य संघाचा क्वार्टरबॅक, गावचा मुलगा, तारणहार म्हणून परतला : १६-३१. २०२१ मध्ये त्याचा संघ ९ सामने हरला आणि नऊही दहापेक्षा कमी गुणांच्या फरकाने. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याला काढले, तेव्हा आणखी तीन आठवडे थांबले असते तर भरपाईची सुमारे १.५ कोटी डॉलरची रक्कम निम्मी झाली असती. तेवढेही थांबणे विद्यापीठाला असह्य झाले होते. एके काळी ९ विजय अपुरे वाटणाऱ्या या गावी २०१७ ते २०२३ ही सात वर्षे बोल सामना आलाच नाही.

१५/ या प्रत्येक वळणावर सोलिच यांचे नाव नव्याने निघत गेले. आधी हळहळ म्हणून, मग ‘सोलिचचा शाप’ अशा विनोदात, आणि शेवटी मोजमाप म्हणून : ५८ विजय, १९ पराभव. ज्यांना ऑस्बोर्न यांच्या मापाने मोजून खुजे ठरवले, तेच आता इतरांना मोजण्याची पट्टी झाले. शापाची गोष्ट इतिहास म्हणून टिकत नाही, कारण वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी सोलिच राहिले असते तरी टळल्या नसत्या. टळले असते ते एवढेच : घरातली पद्धत, घरातली माणसे आणि संयम, हे सारे एकाच दिवसात फेकून दिले गेले नसते. ऱ्हास बहुधा झालाच असता, पण त्याला इतका खोल खड्डा लाभला नसता.

१६/ स्वतः सोलिच यांनी यावर फारसे भाष्य केले नाही. २००५ मध्ये ते ओहायो विद्यापीठात गेले. या संघाला १९६८ नंतर एकही बोल सामना मिळालेला नव्हता. घरच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी पिट्सबर्गला जादा वेळेत हरवले. पेडरसन यांचे पूर्वीचे आणि नंतरचे कार्यस्थळ तेच, हा इतिहासाचा खोडकरपणा. ते तेथे २०२१ पर्यंत राहिले, ११५ विजय मिळवले, आणि २०११ मध्ये त्या विद्यापीठाला त्याच्या इतिहासातील पहिला बोल विजय दिला. लिंकनहून येणाऱ्या निमंत्रणांपासून मात्र ते दूर राहिले.

१७/ जानेवारी २०२४ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय सन्मान दालनासाठी त्यांची निवड जाहीर झाली. त्या एप्रिलमध्ये नवे प्रशिक्षक मॅट रूल यांच्या आमंत्रणावरून, वसंत ऋतूतील सरावसामन्यासाठी, ७९ वर्षांचे सोलिच मेमोरियल स्टेडियमवर परतले. या स्टेडियमच्या भिंतीवर शंभर वर्षांपूर्वी विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हार्टली बर अलेक्झांडर यांनी रचलेले शब्द कोरलेले आहेत : गौरव विजयात नसून केलेल्या कृतीत आहे, अशा अर्थाचे. त्याच भिंतींच्या आत हजारोंनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. त्यांतील कित्येकांचा तर २००३ मध्ये जन्मही झालेला नव्हता.

१८/ त्याच डिसेंबरात नेब्रास्काने न्यूयॉर्कमध्ये बॉस्टन कॉलेजला २०-१५ असे हरवून आठ वर्षांनंतरचा आपला पहिला बोल सामना जिंकण्याऐवजी निसटता का होईना जिंकलाच, आणि लिंकनमध्ये आनंद साजरा झाला. हंगामाचा शेवट ७ विजय, ६ पराभव असा झाला. २००२ मध्ये सोलिच यांच्या खुर्चीखाली सुरुंग लागला, तेव्हाही विजय ७ च होते.