हजाम, हकीम आणि दुखरी दाढ

अल-जहरावीचं चित्र दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून येतं. पगडी, दाढी, समोर मांडलेली शस्त्रं आणि खाली ओळ, 'शस्त्रक्रियेचा जनक एक मुसलमान होता'. लोक माशाअल्लाह लिहितात आणि पुढे पाठवतात. त्यानं लिहिलंय काय, हे विचारायला कुणी थांबत नाही. मला त्याच्या ग्रंथातलं एक छोटं प्रकरण फार जवळचं वाटतं. ते दात काढण्याविषयी आहे. दाढेला हात लावून दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या माणसाला त्यातलं निम्म्याहून जास्त आजही कामाला येईल.

अबुल कासिम अल-जहरावी हा स्पेनमधल्या कुर्तुबाजवळच्या मदीनत-उझ-जहरा इथला. जन्म साधारण ९३६चा, मृत्यू १०१३च्या सुमारास. 'अत-तसरीफ' हा त्याचा तीस भागांचा ग्रंथ. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, आणि त्यात शस्त्रांच्या आकृत्या काढून दाखवलेल्या. बाराव्या शतकात तोलेदो इथे क्रेमोनाच्या जेरार्डनं हा भाग लॅटिनमध्ये नेला आणि १४९७मध्ये तो व्हेनिसला छापला गेला. युरोपातले शल्यवैद्य कित्येक पिढ्या तो वाचत होते.

दात काढण्याच्या प्रकरणात पहिली गोष्ट तो सांगतो ती दात न काढण्याची. जितके उपाय असतील तितके करून पाहा, घाई करू नका, कारण हा अवयव एकदा गेला की त्याची जागा दुसरं काही घेत नाही. मग तो दुसऱ्या मुद्द्यावर येतो, आणि इथे त्याचा अनुभव बोलतो. रोग्यानं दात काढायचंच ठरवलं तरी नेमका दुखरा दात कोणता, याची खात्री करा. वेदना फसवते. माणूस चांगल्या दाताकडे बोट दाखवतो, तो दात निघतो, आणि ठणका तसाच राहतो, कारण किडलेला दात शेजारी बसलेलाच असतो. हे आपण हजामांच्या हातून अनेकदा घडताना पाहिलं, असं तो नोंदवतो.

त्याचा अरबी शब्द 'हज्जाम' आहे. तुंबड्या लावून रक्त काढणारा तो हज्जाम. फारसी-उर्दूतून हाच शब्द आपल्याकडे आला आणि मराठीत हजाम होऊन दाढी करू लागला. तुंबड्या लावणं, दात उपटणं, सुंता, केस कापणं ही सगळी कामं एकाच माणसाकडे असण्याचा काळ आपल्याकडेही फार मागे गेलेला नाही. त्या लोकांना हिणवायचं कारण नाही, गरिबाला दुसरा होता कोण? जहरावीचा राग जातीवर किंवा पेशावर नाही. तो घाईवर आणि न शिकता केलेल्या धाडसावर आहे. असे लोक दात मोडतात, मुळं आत ठेवतात किंवा दाताबरोबर जबड्याच्या हाडाचा तुकडा बाहेर काढतात, असं तो स्पष्ट लिहितो.

त्याची पद्धत वाचताना अंगावर काटा येतो, पण तिच्यात एक शिस्त आहे. आधी दाताभोवतीची हिरडी सगळीकडून सोडवायची. मग बोटांनी किंवा लहान चिमट्यानं दात थोडा थोडा हलवत सैल करायचा. त्यानंतर मोठा चिमटा घ्यायचा, रोग्याचं डोकं आपल्या दोन्ही गुडघ्यांत पक्कं धरायचं आणि दात सरळ रेषेत ओढायचा, म्हणजे तो मोडत नाही. दाताला भोक पडलं असेल तर त्यात आधी चिंधी ठासून भरायची, नाहीतर चिमट्याच्या दाबानं त्याचा चुरा होतो. तरीही मूळ मोडून आत राहिलंच तर त्यासाठी पुढचं प्रकरण आहे. एक-दोन दिवस तुपात भिजवलेला कापूस तिथे ठेवून जागा मऊ करायची आणि करकोच्याच्या चोचीसारख्या चिमट्यानं तुकडा काढायचा. आजचे डेंटिस्टही हिरडी सोडवतात, दात हलवून त्याची खोबणी रुंदावतात आणि मगच चिमटा लावतात. जोर लावून दात निघत नाही, दमानं निघतो, हे त्याला हजार वर्षांपूर्वी कळलं होतं.

सुश्रुताचं एक मतही इथे सांगायला हवं. वरचा दात हलत असला तरी उपटू नये, फार रक्तस्राव होऊन डोळे जाण्यापर्यंत अनर्थ होतो, असं सुश्रुतसंहिता म्हणते. आमच्याकडे बायका अजून सांगतात, वरची दाढ काढली की नजर कमी होते. ही समजूत थेट तिथूनच आली की काय, देव जाणे, पण वय झालेली माणसं या भीतीनं सडकी दाढ वर्षानुवर्षं तोंडात बाळगतात. वरच्या दाढेचा आणि दृष्टीचा असा संबंध नाही. वरच्या मागच्या दाढांच्या मुळांशी गालाच्या हाडातली हवेची पोकळी लागून असते, आणि खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. डॉक्टर आधी एक्स-रे काढतो तो यासाठी, आणि अर्थात दुखरा दात नेमका कोणता हे पाहण्यासाठी. एक्स-रे न काढता कुणी लगेच चिमटा उचलत असेल तर कारण विचारा. 'रूट कॅनॉल करून हा दात वाचेल का?' हेही विचारा. जहरावीचा पहिला सल्ला तोच आहे.

जहरावीकडे एक गोष्ट नव्हती. दात काढताना वेदना थांबवण्याचा भरवशाचा उपाय कुणाकडेच नव्हता, म्हणून तर डोकं गुडघ्यांत धरावं लागे. तो उपाय पुढे आला, आणि गंमत म्हणजे दातामुळेच आला. १८४४च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे होरेस वेल्स या दंतवैद्यानं हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. ३० सप्टेंबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टननं ईथर देऊन एका रोग्याचा दात काढला. पुढे हिरडीत टोचायची औषधं आली. आजही वापरात असलेलं लिग्नोकेन १९४३मधलं. इंजेक्शननंतर दाब जाणवतो, ओढल्यासारखं वाटतं, पण दुखता कामा नये. दुखलं तर हात वर करा. सोसण्यात काही मर्दुमकी नाही.

आपल्या देशात हे शिक्षण रुजवणारा माणूसही व्हॉट्सअ‍ॅपवर क्वचितच दिसतो. डॉ. रफिउद्दीन अहमद अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यक शिकून आले आणि १९२०मध्ये कलकत्त्यात त्यांनी भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. ते चालवायला पैसा लागे म्हणून सोडा फाउंटनचं दुकान चालवलं. शरबत विकून दंतवैद्य घडवणारा हा माणूस मला फार आवडतो. फातिमा जिन्ना दंतवैद्यक शिकल्या त्या कलकत्त्यातच, आणि १९२३मध्ये त्यांनी मुंबईत दवाखाना उघडला. १९४८मध्ये डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट आला आणि कुणी दात काढावेत हे कायद्यानं ठरलं.

कायदा आला तरी आमच्या आठवडी बाजारातला दातवाला कुठे गेला नाही. माझ्या एका चाचांनी त्याच्याकडून दाढ काढून घेतली. साखरेचा आजार जुना, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू. त्यानं काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही. दाढ मोडली, मुळं आत राहिली, रक्त रात्रभर थांबेना, आठवड्यात गळ्यापर्यंत सूज आली. जिल्ह्याच्या गावी नऊ दिवस अ‍ॅडमिट होते, तोंड उघडायला महिना लागला. जीव वाचला, अल्हम्दुलिल्लाह. हेच चाचा ते पगडीवालं चित्र सर्वांत आधी पाठवतात.

म्हणून खुर्चीत बसण्याआधी तोंड उघडा ते बोलण्यासाठी. साखर, रक्तदाब, हृदयाचा आजार, पूर्वी कधी रक्त न थांबल्याची घटना, औषधाची अ‍ॅलर्जी, पोटात बाळ, हे सगळं सांगा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शनं घेत असाल तर तेही सांगा, कारण त्यात जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. दात काढण्यापेक्षा गोळी थांबवणं कधी कधी जास्त धोक्याचं असतं. नुसतं हिरडीतलं इंजेक्शन असेल तर उपाशी जायचं कारण नाही.

दात निघाल्यानंतरच्या सल्ल्यात मात्र जहरावीला सोडावं लागतं. तो लगेच शराब किंवा शिरका आणि मिठानं चूळ भरायला सांगतो. (शराबीच्या उल्लेखानं कुणाच्या भुवया उंचावल्या असतील तर तो हकीम होता, फतवा देत नव्हता.) आज आपल्याला माहीत आहे की खड्ड्यात रक्ताची जी गाठ बसते तीच खरी पट्टी. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा, सारखा काढून पाहायचा नाही. पहिला दिवस चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉनं पिणं नाही, गरम चहा नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्यानं हलकेच चूळ. गाठ निसटली की तीन-चार दिवसांनी हाड उघडं पडून कानापर्यंत ठणका लागतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो जास्त गाठतो. आपल्याकडे मिश्रीचं वेगळं सांगायला हवं, कारण दात काढलेल्या संध्याकाळीच बोट डबीत जातं. लवंग, हळद, तंबाखू, काहीही त्या खड्ड्यात भरू नका. दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, सूज तिसऱ्या दिवसानंतर वाढत गेली किंवा गिळायला त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता निघा.

रमजानमध्ये मला हमखास विचारलं जातं की दाढ काढली तर रोजा तुटतो का. बहुतेक उलेमांच्या मते दात काढल्यानं किंवा हिरडीतल्या इंजेक्शननं रोजा तुटत नाही, रक्त किंवा औषध गिळलं तर प्रश्न येतो. तातडी नसेल तर इफ्तारनंतरची वेळ घ्या. तातडी असेल, चेहरा सुजला असेल, तर आजाऱ्याला रोजा सोडून नंतर भरून काढायची सवलत कुरआननंच दिलेली आहे.

जहरावी त्या भागात आणखी थोडं पुढे जातो. हलणारे दात सोन्याच्या तारेनं शेजारच्या पक्क्या दातांना कसे बांधायचे ते तो आकृती काढून दाखवतो. सोनंच का, तर चांदी थोड्या दिवसांत हिरवी पडते. आणि पडलेल्या दाताच्या जागी गाईच्या हाडाचा दात कोरून बसवला तर माणसाला तो बराच काळ कामाला येतो, असंही सांगतो.