तीन तासांचा निबंध: मेकॉलेपासून राज्यसेवेपर्यंत

भाईंदर लोकलच्या गर्दीत इयरफोनमधून अर्धं ऐकूच येत नाही, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. म्हणून हा भाग लिहूनही टाकतोय.

माझी धाकटी बहीण राज्यसेवेची तयारी करतेय. पालीला आमच्या घरी, ओसरीत बसून, फोनवर टायमर लावून निबंध लिहिते. परवा एक निबंध माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "दादा, याला मार्क नक्की कशाचे मिळतात रे?" मी बीटेक केलेला माणूस, कोड लिहितो. निबंधातलं मला काय कळणार? आणि माझा स्वतःचा रेकॉर्ड तर भारीच आहे. जीआरईच्या निबंधात मला 6 पैकी 3 मिळाले होते. चूक माझीच, विषय सोडून भलतंच लिहीत बसलो होतो. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि मी मागे मागे शोधत गेलो.

मागे गेलं की आधी चीन लागतो. तिथल्या सरकारी परीक्षेत मिंग काळापासून निबंधाचा एक ठरलेला साचा होता. आठ भाग, त्यात जोडीजोडीने तोललेली वाक्यं. त्याला 'आठ पायांचा निबंध' म्हणत. कमाल म्हणजे अक्षरावरून उमेदवार ओळखू येऊ नये म्हणून कारकून सगळे पेपर लाल शाईने पुन्हा उतरवून काढायचे आणि परीक्षक ती नक्कल तपासायचे. इतकी काळजी! पण साचा पक्का झाला तशी पोरं साचाच घोकायला लागली. शेवटी 1901 साली तो निबंध रद्द करायचा हुकूम निघाला आणि 1905 ला सगळी परीक्षाच बंद झाली.

आपल्याकडची गोष्ट सुरू होते 1854 ला. तोवर कंपनीच्या मुलकी नोकऱ्या लंडनमधल्या संचालकांच्या ओळखीने मिळायच्या. मेकॉलेच्या समितीने त्याऐवजी स्पर्धा परीक्षा सुचवली. एकूण मार्क 6875. त्यात इंग्रजी निबंधलेखनाला 500, ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी 750, आणि संस्कृत, अरबीला प्रत्येकी 375. समितीने पहिला मान दिला "आपल्या भाषेला". आता 'आपल्या' म्हणजे कोणाच्या, ते सांगायला नको. पहिली परीक्षा 1855 ला झाली. पहिला भारतीय, सत्येंद्रनाथ टागोर, 1863 ला पास झाले आणि नोकरीला आले ते आपल्या मुंबई इलाख्यात. पुढे महाडकडचे चिंतामणराव देशमुख 1918 साली पहिले आले, पण तेही लंडनला जाऊनच. भारतात बसून ही परीक्षा द्यायची सोय झाली 1922 ला.

(जाता जाता एक गोष्ट. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 ला 'निबंधमाला' काढली, सात वर्षांत 84 अंक. त्यांचा एकेक निबंध कित्येक अंक चालायचा. त्यांना टायमर लावून बसवलं असतं तर बहुतेक प्रस्तावनेतच घंटा झाली असती.)

स्वातंत्र्यानंतरचा भाग मला जास्त मजेशीर वाटतो. कोठारी समितीनंतर 1979 पासून यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता यायला लागली. पण त्या नव्या रचनेत निबंधाचा पेपरच नव्हता! तो 1993 ला आला, सतीश चंद्र समितीच्या शिफारशीवरून, 200 मार्कांचा. आज तो 250 चा आहे. दोन निबंध, तीन तास, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. आपल्या एमपीएससीने 2012 ला उलटी दिशा धरली, मुख्य परीक्षा पर्यायांवर गोल काळे करण्याची केली. आता पुन्हा वर्णनात्मक, निबंधाला 250 मार्क. 2023 पासून लागू होणार होती, पण पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि ती 2025 वर गेली. माझी बहीण पर्याय निवडायचा सराव केलेल्या त्याच पिढीतली. तिची भीती मला कळते.

आता मार्कांचं. यूपीएससीच्या अभ्यासक्रमात निबंधाबद्दल जेमतेम तीन ओळी आहेत. विषयाला धरून राहा, विचार क्रमाने मांडा, थोडक्यात लिहा, नेमक्या आणि परिणामकारक शब्दांना गुण मिळतील. बस. कुठेही 'अवतरणं टाका' असं लिहिलेलं नाही.

मग सगळे अवतरणं का टाकतात? कारण तपासणाऱ्यापुढे ढीग असतो आणि ढिगात वरवरच्या खुणा पटकन दिसतात. अमेरिकेत 2005 ला सॅटमध्ये 25 मिनिटांचा निबंध आला. एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी नमुन्याचे तपासलेले निबंध घेऊन नुसते शब्द मोजले, तर लांबी आणि मार्क जवळजवळ हातात हात घालून चालत होते. तपशील चुकला तरी मार्क कापायचे नाहीत असा नियमच होता. तो निबंध 2016 ला ऐच्छिक झाला, 2021 ला गेला. जीआरईत तर माणसासोबत ई-रेटर नावाचं सॉफ्टवेअरही तपासतं. पेरेलमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2014 ला एक प्रोग्राम लिहिला, जो मोठमोठ्या शब्दांचे अर्थहीन निबंध तयार करायचा, आणि मशीन त्यांनाही चांगले मार्क द्यायचं. प्रोग्रामर म्हणून मला हसू आलं. जे मोजता येतं तेच मोजायचं, हे आम्हीही रोज करतो.

फरक एवढाच की बहिणीचा पेपर माणूस तपासणार. विषय होता किनारपट्टी आणि विकास. पहिल्या पानावर तीन थोरांची वाक्यं, मग जागतिक तापमानवाढ, मग शाश्वत विकासाची व्याख्या. मी विचारलं, "उत्तनच्या डोंगरावरच्या कचऱ्याचा वास कुठाय यात? बाहेर वाळत घातलेले बोंबील कुठायत? अवकाळी पाऊस पडला की काय होतं, ते तुझ्याइतकं कोणाला माहितीय?"

"ते लिहितात का परीक्षेत?"

"विषय किनारपट्टी आहे ना?"

थोडा वेळ गप्प बसली. मग पहिलं पान फाडलं आणि टायमर पुन्हा तीन तासांवर लावला. या वेळी पहिल्याच वाक्यात बोंबील आले, चौथ्या परिच्छेदात कचरा, आणि शाश्वत विकासाची व्याख्या शेवटी, दोन ओळींत. शब्द मोजले तर 940. तिचा चेहरा पडला. "कमी आहेत ना?"

मी म्हटलं, मासेमारीच्या बंदीचे दिवस अजून आलेच नाहीत यात. तिने पेन पुन्हा उचललं.