यवतमाळ स्थानक व कापसाचा लोहमार्ग

यवतमाळच्या जुन्या रेल्वे स्थानकाचा इतिहास हा मुख्यत्वे कापसाचा इतिहास होय. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला धाडण्याच्या हेतूने किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापिली. यवतमाळ-मूर्तिजापूर हा तिचा ११३ किलोमीटरांचा मार्ग अरुंदमापी होता. दोन रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. त्यामुळे बांधणी स्वस्त झाली. परंतु मूर्तिजापुरास प्रत्येक गाठ उतरवून रुंदमापी गाडीत पुन्हा भरावी लागे.

स्वातंत्र्योत्तर राष्ट्रीयीकरणातूनही हा मार्ग सुटला. मालकी कंपनीची, गाड्या मात्र शासकीय रेल्वेच्या. अशा दुहेरी व्यवस्थेत सुधारणा रेंगाळली. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडविलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत येथे धावत होते, ते याच स्थितीचे द्योतक होय.

पुढे कापूस मालमोटारींकडे वळला व गाडी उरली ती गरीब प्रवाशांची. तीच लोकांची ‘शकुंतला’. आता तिची वाहतूक थांबली आहे. वर्ध्याहून निघालेला नवा रुंदमापी मार्ग २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोचला. जुना मार्ग कापसासाठी आखला गेला, परंतु त्याच्या बंद पडण्याची झळ प्रवाशांना लागली, हे नव्या मार्गाचा विचार करताना विसरता येत नाही.